भोक जुने, सबवूफर नवा

वाचकांचे तांत्रिक प्रश्न व त्यांची उत्तरे

बोटीतल्या ध्वनियंत्रणेविषयी, मुख्यतः सबवूफर म्हणजे अगदी खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरविषयी, आलेली चार पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राला विस्ताराने उत्तर दिले आहे. उरलेल्या तीन पत्रांतले बरेच मुद्दे त्यातच येऊन गेल्यामुळे त्यांची उत्तरे आटोपशीर आहेत.

प्रश्न : माझ्याकडे १८ फूट लांबीची फायबरची बोट असून ती मी गोव्यातून जुनी विकत घेतली आहे. हिडकल जलाशयाच्या फुगवट्यालगत आमची शेती आहे आणि रीतसर परवानगी घेऊन बोट तिथेच ठेवलेली असते. सुकाणूच्या कन्सोलमध्ये, चालवणाऱ्याच्या पायांजवळ, पूर्वीच्या मालकाने १० इंची सबवूफर बसवला होता. त्याच्यामागे वेगळी पेटी नाही. कन्सोलच्या पोकळीतच तो उघडा बसवलेला आहे. यंदाच्या पावसाळ्यानंतर तो खरखरू लागला आणि शेवटी बंद पडला. त्याच्या जागी बेळगावातून चारचाकीत बसवायचा १० इंची सबवूफर आणला, पण जुने भोक २३० मिलिमीटर व्यासाचे आहे आणि नव्याला २३६ मिलिमीटर लागते. तारा जोडून सीटवर ठेवून वाजवून पाहिला, तर दुकानात छाती हादरवणारा हाच स्पीकर बोटीत अगदी मिळमिळीत वाजला. सोबतच्या पत्रकावर ३०० वॅट आरएमएस (सतत झेलता येणारी शक्ती), ४ + ४ ओहमच्या दोन कॉईल (शंकू हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळ्या), एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३९ आणि व्हीएएस ४० लिटर असे आकडे आहेत. अॅम्प्लिफायर जुनाच असून तो ब्रिज जोडणीत (दोन वाहिन्या एकत्र जोडून) ४ ओहमला ३०० वॅट देतो. भोक मोठे करताना फायबर तडकेल का? आणि आवाज का मिळत नाही? दुकानदार आठ दिवसांच्या आत स्पीकर बदलून द्यायला तयार आहे.
– एक वाचक, संकेश्वर

उत्तर : भोकाला हात लावण्याआधी दुकानदाराने दिलेल्या मुदतीचा फायदा घ्यावा आणि हा सबवूफर बदलून घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्पीकर वाईट आहे म्हणून नव्हे. आपल्या बोटीतल्या जागेशी आणि आपल्या अॅम्प्लिफायरशी त्याचा मेळ बसत नाही म्हणून.

आधी आवाजाचे पाहू. स्पीकरचा शंकू पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते, म्हणजे पुढची आणि मागची लहर एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. ५० हर्ट्झच्या स्वराची लहर हवेत जवळजवळ ७ मीटर लांब असते. एवढ्या लांब लहरीला १० इंची स्पीकरच्या कडेला वळसा घालून पलीकडच्या लहरीला जाऊन मिळणे मुळीच अवघड नसते. दोघी भेटल्या की एकमेकींना खोडून टाकतात. सीटवर मोकळा ठेवलेला कोणताही सबवूफर, तो कितीही महागडा असला तरी, म्हणूनच मिळमिळीत वाजतो. त्या चाचणीवरून आपण स्पीकरला नावे ठेवू नयेत, आणि दुकानातल्या आवाजावर भरवसाही ठेवू नये. दुकानात तो पेटीत होता आणि भोवती चार भिंती होत्या. काचा लावलेल्या गाडीत तर खालच्या स्वरांना बंद पोकळीचा मोठा आधार मिळतो. उघड्या बोटीत हा आधार शून्य असतो. आवाज चहूकडे पसरतो, अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबलने उतरतो, आणि परतून यायला भिंत नसते. बोटीत आवाज कमी पडतो म्हणून वॅट वाढवत नेणारे बरेच जण आम्ही पाहतो, परंतु वॅट दुप्पट केले तरी हाती येतात ते फक्त ३ डेसिबल. पुढची आणि मागची हवा एकमेकींपासून नीट तोडली, तर त्याहून कितीतरी जास्त पदरात पडते, आणि तेही बॅटरीवर काडीचा भार न टाकता.

आपल्या कन्सोलमध्ये ही तोड कन्सोलची पुढची भिंत करते. मागची पोकळी शेदीडशे लिटरची असणार, शिवाय तिला दार आहे, तारांची भोके आहेत, खाली तळाकडे फट आहे. अशा मोठ्या आणि गळक्या पोकळीत शंकूला मागून हवेची उशी मिळत नाही. त्याला आवरायचे काम त्याच्या स्वतःच्या कडेच्या रबराला, मागच्या जाळीदार स्पायडरला आणि चुंबकाला करावे लागते. ही आवर कशी आहे हे पत्रकावरचा क्यूटीएस हा आकडा सांगतो. साधारणपणे ०.६ ते ०.८ च्या आसपास क्यूटीएस असलेले स्पीकर पेटीशिवाय, उघड्या पोकळीत बसवण्यासाठी घडवलेले असतात आणि त्यांच्या पत्रकावर ‘फ्री एअर’ किंवा ‘इन्फिनिट बॅफल’ असे लिहिलेले असते. आपल्या स्पीकरचा ०.३९ हा आकडा तो पेटीसाठी बनवला असल्याचे सांगतो. तो आपल्या कन्सोलमध्ये बसवला, तर एकीकडे ४० ते ६० हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज भरत नाही आणि दुसरीकडे आवाज वाढवताच शंकू मर्यादेबाहेर धावू लागतो. कॉईल मागच्या लोखंडावर आपटून ‘टक्‌ टक्‌’ असा कोरडा आवाज येतो. तो आवाज ऐकू येऊ लागल्यावर स्पीकर फार दिवस टिकत नाही. जुन्या सबवूफरची खरखर कदाचित अशाच धावपळीतून आली असेल. शंकू दोन्ही अंगठ्यांनी हलकेच आत दाबून पाहावा, कॉईल घासल्याचा स्पर्श बोटांना लगेच कळतो.

दुसरी अडचण ओहमची आहे. ४ ओहमच्या दोन कॉईल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात आणि मालिकेत जोडल्या तर ८. आपला अॅम्प्लिफायर ब्रिज जोडणीत ४ ओहमसाठी आहे. २ ओहमवर तो तापून स्वतःला बंद करील किंवा जळेल, आणि ८ ओहमवर जेमतेम निम्मी शक्ती देईल. ४ ओहम मिळवण्याचा मार्ग या कॉईलमध्ये नाही. एकच कॉईल जोडून दुसरी तशीच सोडण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. सगळा भार एका कॉईलवर पडतो. जुन्या सबवूफरची कॉईल शाबूत असेल, तर मल्टिमीटर लावून पाहावा. ३.२ ते ३.६ ओहमच्या दरम्यान आकडा दिसला तर तो ४ ओहमचा होता असे समजावे, कारण मीटरवरचा आकडा छापील आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉईल तुटली आहे.

तेव्हा बदलून घेताना ४ ओहमची एकच कॉईल, किंवा २ ओहमच्या दोन कॉईल मालिकेत जोडायच्या, उघड्या पोकळीसाठी योग्य, आणि २०० ते ३०० वॅट आरएमएस झेलणारा मरीन सबवूफर मागावा. मरीन या शब्दाला भुलू नये. पांढऱ्या जाळीवर नांगराचे चित्र छापले की स्पीकर मरीन होत नाही. शंकू कागदाचा नसून पॉलिप्रोपिलीनचा आहे, कडा फोमची नसून रबराची आहे, सांगाडा रंगवलेल्या पत्र्याचा नसून प्लॅस्टिकचा किंवा लेप दिलेल्या अॅल्युमिनियमचा आहे, आणि टोके पितळी व मुलामा दिलेली आहेत, एवढे हातात घेऊन पाहावे. हिडकलचे पाणी गोडे असल्यामुळे मिठाची भीती आपल्याला नाही, पण उन्हाची आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात उघडी राहिलेली फोमची कडा दोन-तीन वर्षांत भुगा होऊन हातात येते.

दुकानदार फिरला आणि हाच स्पीकर गळ्यात पडला, तर कन्सोलच्या आत त्याला बंद पेटी करावी लागेल. आपल्या आकड्यांवरून हिशेब असा निघतो : आतून २० लिटरची हवाबंद पेटी केली, तर व्हीएएस, म्हणजे शंकूच्या लवचीकपणाशी बरोबरी करणारी हवा, ४० लिटर आहे; त्या ४० ला पेटीच्या २० ने भागून त्यात १ मिळवावा, त्या ३ चे वर्गमूळ १.७३, आणि त्याने क्यूटीएसच्या ०.३९ ला गुणले की ०.६८ येतात, म्हणजे ०.७ या आदर्श आकड्याच्या अगदी जवळ. त्याच १.७३ ने एफएसच्या, म्हणजे स्पीकरच्या मोकळ्या हवेतल्या कंपनसंख्येच्या, २८ ला गुणले की पेटीतली नैसर्गिक कंपनसंख्या ४८ हर्ट्झच्या आसपास येते. उघड्या बोटीला हे पुरेसे आहे. आतून ३८ × ३० × १९ सेंटिमीटर मापाची पेटी, स्पीकरने व्यापलेली जागा वजा जाता, साधारण २० लिटर भरते. ती १२ मिलिमीटर मरीन प्लायची करून आतून-बाहेरून इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. गाडीच्या पेट्या ज्या एमडीएफच्या करतात तो बोटीत मुळीच वापरू नये. पाण्याचा नुसता दमटपणा लागला तरी तो फुगून कडेने पापुद्रे सुटतात. अॅम्प्लिफायरचे कोडे मात्र पेटीनेही सुटत नाही; ८ ओहमवर जोडून निम्म्या शक्तीवर समाधान मानावे लागेल.

आता भोक. फायबर तडकेल का, हा आपला प्रश्न रास्त आहे, परंतु तडकतो तो फायबर नसून त्याच्यावरचा जेलकोट असतो, म्हणजे तो अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा चकचकीत रंगीत थर. तो काचेसारखा ठिसूळ असतो आणि त्याला मागून ढकलले की टवके उडतात. म्हणून सगळे काम जेलकोटच्या बाजूने आत, याच दिशेने करावयाचे. नव्या स्पीकरला २३६ मिलिमीटरच लागले, तर कडेने सारखे ३ मिलिमीटर काढायचे आहेत. एवढ्यासाठी जिगसॉ चालवू नये. भोकाभोवती दोन पदर मास्किंग टेप लावून त्यावर नवे वर्तुळ आखावे आणि अर्धगोल कानस पुढून आत ढकलत, परतताना उचलून घेत, रेषेपर्यंत यावे. कानस ओढून घेताना जेलकोटवर घासली की काम बिघडलेच म्हणून समजा. ड्रिलला लावायचा सॅंडिंग ड्रम असेल तर काम लवकर होते, पण धूळ जास्त उडते. फायबरची धूळ अंगाला खाजते आणि फुप्फुसाला वाईट. एन-९५ मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट यांच्याशिवाय हे काम करू नये, आणि धूळ हाताने झटकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कापलेल्या कडेकडे बारकाईने पाहावे. नुसते फायबरचे थर दिसले तर ठीक. पण दोन थरांच्या मध्ये लाकूड किंवा फोम दिसला तर तो भाग मध्ये गाभा घातलेला आहे आणि त्या कडेतून पाणी आत शिरून गाभा कुजतो. अशा कडेला इपॉक्सी रेझिनचा हात देऊन ती बंद केल्याशिवाय स्पीकर बसवू नये. पूर्वीच्या मालकाने तेवढे कष्ट घेतले असतील असे गृहीत धरू नये.

नव्या स्पीकरला भोक लहान लागत असेल तर मध्ये एक कडे बसवावे लागेल. हे कडे घरी करवतीने कापण्यापेक्षा बेळगावला उद्यमबागेत करून घ्यावे. तिथल्या कोणत्याही यंत्रशाळेत १२ मिलिमीटर जाडीच्या एचडीपीई या टणक प्लॅस्टिकच्या पत्र्यातून आतला-बाहेरचा व्यास आणि बोल्टची भोके अचूक काढून मिळतात; फक्त स्पीकर सोबत न्यावा, पत्रकावरच्या मापावर विसंबू नये. एचडीपीईला पाणी किंवा बुरशी लागत नाही, पण त्याला कोणताही गोंद चिकटत नाही, हे लक्षात ठेवावे. ते बोल्टनेच धरावे लागते.

कन्सोलची भिंत ४-५ मिलिमीटर जाडीचीच असते. अंगठ्याने दाबली असता ती लवत असेल, तर सबवूफरबरोबर तीही थरथरेल आणि शंकूची निम्मी मेहनत पत्रा वाजवण्यात जाईल. आतून मरीन प्लायचे कडे इपॉक्सीने चिकटवले की हा दोष जातो. चिकटवण्याआधी आतला पृष्ठभाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडून खडबडीत करावा, नाहीतर जोड काही महिन्यांत सुटतो. स्पीकर बसवताना आपोआप आटे पाडणारे स्क्रू टाळावेत. पातळ फायबरमध्ये ते थरथरीने सैल होतात. आरपार ५ मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, मागे रुंद वायसर आणि नायलॉक नट वापरावेत. ड्रिल करण्याआधी कन्सोलच्या दारातून हात घालून मागे काय आहे ते चाचपावे. सुकाणूची केबल, पेट्रोलची नळी, वायरिंग सगळे तिथूनच जाते. ड्रिलच्या टोकापासून एक सेंटिमीटरवर टेप गुंडाळली की ड्रिल किती आत गेले ते नजरेला दिसते. प्रत्येक भोकाच्या तोंडाशी जेलकोट किंचित उतरता करावा, म्हणजे बोल्ट आवळताना ताऱ्यासारखे तडे जात नाहीत.

स्पीकर आणि भिंत यांच्यामध्ये बंद छिद्रांच्या फोमची पट्टी लावावी. सिलिकॉनने किंवा पॉलियुरेथेनने कायमचा चिकटवू नये, कारण आज ना उद्या तो पुन्हा काढावा लागणारच. आंबट, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन तर तारांच्या टोकांजवळही नेऊ नये. त्याच्या वाफेने तांबे हिरवे पडते. कन्सोलच्या दाराला दाराची रबरी पट्टी लावावी आणि तारांची मोकळी भोके बुजवावीत. हे शेवटचे काम क्षुल्लक वाटते, पण पुढची-मागची हवा तोडण्याचा आमचा आग्रह इथेच पुरा होतो. ४० हर्ट्झचा स्वर वाजवून दाराच्या कडेने ओला हात फिरवावा. जिथे हवा फुसफुसताना जाणवेल तिथे पट्टी कमी पडली आहे.

तारांचा हिशेब थोडक्यात सांगतो. ३०० वॅट काढणारा डी वर्गाचा अॅम्प्लिफायर १२ व्होल्टवर भर आवाजात ३१ अँपिअरच्या आसपास ओढतो. बॅटरी ४ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर तार होते. ६ चौरस मिलिमीटरच्या तारेत एवढ्या अंतरात ०.७ व्होल्ट गळतात, १० च्या तारेत ०.४३ आणि १६ च्या तारेत ०.२७. आपण १६ ची घ्यावी, आणि शक्य तर कल्हई केलेल्या तांब्याची. बाजारात तांब्याचा नुसता मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार ‘कॉपर’ म्हणून खपवतात. टोक सुरीने खरवडून आत पांढरे निघाले तर परत करावी, मात्र कल्हई केलेली तार वरून पांढरी आणि आतून लाल असते, हा फरक ध्यानात घ्यावा. ४० अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत हवा. तो तारेचे रक्षण करण्यासाठी असतो, अॅम्प्लिफायरचे नव्हे, म्हणून अॅम्प्लिफायरजवळ बसवलेला फ्यूज असून नसल्यासारखा. अॅम्प्लिफायर पेट्रोलच्या टाकीच्या कप्प्यात किंवा बोटीच्या तळाच्या खोल भागात कधीही ठेवू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साठते, आणि एका ठिणगीची वाट पाहते.

जोडणी झाल्यावर अॅम्प्लिफायरवरची लो-पास गाळणी (वरचे स्वर अडवणारी) ८० हर्ट्झवर आणि सबसॉनिक गाळणी (अगदी खालचे स्वर अडवणारी) ३० हर्ट्झच्या आसपास ठेवावी. उघड्या पोकळीत ही दुसरी गाळणी फार मोलाची, कारण तिच्याखालचे स्वर ऐकू तर येत नाहीत, शंकूला मात्र सर्वांत जास्त तेच पळवतात. गेन, म्हणजे अॅम्प्लिफायर आवाज किती वाढवतो ते ठरवणारे बटण, कानाने न लावता मीटरने लावावा : ५० हर्ट्झचा स्वर लावून, स्पीकर सोडवून, टोकांवर एसी व्होल्ट मोजावेत. २५० वॅट आणि ४ ओहमसाठी ते ३१ व्होल्टच्या वर जाऊ देऊ नयेत.

प्रश्न : कारवारजवळ काळी नदीच्या मुखाशी आमची फायबरची मासेमारीची लहान बोट आहे. गेल्या वर्षी कन्सोलमध्ये सबवूफर बसवून घेतला. त्याचे स्क्रू सहा महिन्यांत गंजून जेलकोटवर तांबडे ओघळ उतरले आहेत, आणि होकायंत्रही चुकीची दिशा दाखवू लागले आहे असा तांडेलांचा आग्रह आहे. दोन्हींचा संबंध आहे का?
– एक वाचक, सदाशिवगड

उत्तर : तांडेलांचे म्हणणे खरे मानून चालावे. सबवूफरच्या पाठीशी जड चुंबक असतो आणि कन्सोलच्या वर होकायंत्र; दोघांमध्ये हातभर अंतरही उरत नाही. बोट धक्क्याला बांधून ठेवावी, होकायंत्राची दिशा लिहून घ्यावी, सबवूफर काढून किनाऱ्यावर दूर न्यावा आणि पुन्हा दिशा पाहावी. सुई हलली तर सबवूफर किमान मीटरभर दूर, सीटच्या खालच्या कप्प्यात हलवावा. होकायंत्राजवळून जाणाऱ्या धन व ऋण तारा एकमेकींना पीळ देऊन न्याव्यात, म्हणजे त्यांचे चुंबकीय क्षेत्र परस्परांना खोडून काढते. मोबाईलमधील जीपीएसवर स्थान बरोबर दिसते म्हणून निर्धास्त राहू नये. उभ्या बोटीत मोबाईलही दिशा चुंबकावरूनच सांगतो.

स्क्रूंचे म्हणाल तर खाऱ्या हवेत ३०४ प्रतीचे स्टेनलेसही डागाळते. ३१६ प्रतीचेच मागावे. चुंबकाला चिकटून पाहण्याची चाचणी इथे उपयोगाची नाही, कारण दोन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ ओढत नाही. बोल्टच्या डोक्यावर ए४ असे कोरलेले असते ते पाहावे. तारांच्या टोकांना दाबून बसवलेल्या थिंबलवर आतून चिकट असलेली हीटश्रिंक नळी चढवावी, आणि तार स्पीकरकडे नेताना एकदा खाली झोका देऊन मग वर न्यावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोक्याच्या तळाशी गळून पडते, टोकापर्यंत पोहोचत नाही.

प्रश्न : आमच्या गावातला डॉल्बीवाला जुना १२ इंची वूफर स्वस्तात देतो आहे. गणेशोत्सवात त्याने गल्ली दणाणून सोडलेली सगळ्यांनी ऐकली आहे. तो बोटीत बसवता येईल का? चालू असलेल्या इंजिनावर बॅटरी पुरेल का? एकदा इंजिन बंद ठेवून गाणी वाजवत बसलो आणि नंतर इंजिन सुरूच होईना.
– एक वाचक, खानापूर

उत्तर : वूफर घेऊ नये. मिरवणुकीतले वूफर मोठ्या, तोंड उघड्या पेट्यांसाठी आणि दूरवर आवाज फेकण्यासाठी बनवलेले असतात. त्यांची कडा कापडाची व ताठ असते, शंकू कागदाचा असतो, तो जेमतेम काही मिलिमीटर हलतो, आणि ५० हर्ट्झच्या खाली त्यांचा जीव नसतो. बहुतेक ८ ओहमचे असल्यामुळे बोटीच्या १२ व्होल्टच्या अॅम्प्लिफायरमधून त्यांना पुरेशी शक्तीही मिळत नाही. गल्ली दणाणते ती अनेक वूफर, हजारो वॅट आणि दोन्ही बाजूंच्या घरांच्या भिंती यांच्या जोरावर. यातले आपल्या बोटीत काहीही नाही.

बॅटरीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. लहान आउटबोर्ड इंजिनाचे चार्जिंग दहा-वीस अँपिअरच्या पुढे क्वचित जाते आणि तेही इंजिन जोरात फिरत असताना. म्हणजे भर आवाजात सबवूफर जेवढे ओढतो तेवढे इंजिन परत देत नाही. संगीत सतत भर आवाजात नसते, सरासरी ओढ एक-तृतीयांशाच्या आसपास राहते, म्हणून प्रवासात जमून जाते. इंजिन बंद असताना मात्र सगळा भार बॅटरीवर येतो. इंजिन सुरू करायची बॅटरी क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असते, तासन्‌तास थोडा थोडा देण्यासाठी नसते. गाण्यांसाठी वेगळी डीप सायकल (बराच वेळ थोडा थोडा प्रवाह देणारी) बॅटरी ठेवावी आणि दोघींच्या मध्ये व्होल्टेजवर चालणारा रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) बसवावा. इंजिन चालू होऊन व्होल्टेज १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला जोडतो आणि १२.८ च्या खाली आले की तोडतो. इंजिनाची बॅटरी गाण्यांच्या वाटेला जातच नाही. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मेच वापरावे असे धरले, तर १० अँपिअरच्या सरासरी ओढीला साधारण साडेचार-पाच तास मिळतात. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई आहे, तेव्हा याहून मोठ्या बॅटरीची गरजही पडू नये.

प्रश्न : बोटीतला जुना मरीन सबवूफर फेकून देण्याऐवजी त्याची कॉईल बदलून घेता येईल का?
– एक वाचिका, निपाणी

उत्तर : येईल, पण आधी चुंबकाभोवतीची फट पाहावी. शंकू काढल्यावर त्या गोल फटीत गंजाची पूड किंवा फुगलेले लोखंड दिसले तर पुढे खर्च करू नये; नवी कॉईल तिथेच घासून पुन्हा जाईल. फट स्वच्छ असेल तर मिरवणुकीचे स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर हे काम सफाईने करतात. त्यांना दोन गोष्टी बजावून सांगाव्यात. कागदी शंकू व कापडी कडा न घालता मूळ जातीचेच प्लॅस्टिकचे शंकू आणि रबरी कडा घालावी, आणि कॉईल मूळ ओहमची व मूळ उंचीची असावी. बुटकी कॉईल घातली तर शंकूची धाव कमी होते आणि खालचे स्वर फाटतात. परत आल्यावर दीड व्होल्टच्या साध्या सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टोकाला क्षणभर लावून पाहावे. शंकू बाहेर सरकला तर जोडणी बरोबर आहे. आत गेला तर कारागिराने टोके उलट जोडली आहेत, आणि बोटीत बसवताना तारा अदलाबदल करून घ्याव्यात.